आधी पिशवी, मग निदान

ॲडेनोमायोसिस हा आजार जगाला कळला तो विकृतिशास्त्रज्ञाच्या टेबलावर. १८६० साली व्हिएन्नाच्या कार्ल फॉन रोकिटान्स्की यांनी गर्भाशयाच्या भिंतीत ग्रंथी सापडल्याची नोंद केली. जिथे निव्वळ स्नायू असायला हवा, तिथे आतल्या अस्तराचे अंश वाढलेले होते. पुढे १८९६ मध्ये जर्मनीच्या फ्रीडरिश फॉन रेकलिंगहाउझेन यांनी त्यावर ग्रंथ लिहिला, पण या ग्रंथी गर्भावस्थेतल्या अवयवांचे उरलेले अवशेष आहेत अशी त्यांची समजूत होती. ती खोडून काढली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या थॉमस कलन यांनी. त्यांनी काढलेल्या गर्भाशयांचे पातळ काप घेतले आणि भिंतीतल्या ग्रंथींचा माग काढत थेट आतल्या अस्तरापर्यंत पोचले. १९०८ साली त्यांचं पुस्तक आलं. आज वापरात असलेलं 'ॲडेनोमायोसिस' हे नाव १९२५ मध्ये ऑस्कर फ्रांकल यांनी रूढ केलं.

आजार समजायला सोपा आहे, सोसायला नाही. गर्भाशयाचं आतलं अस्तर दर महिन्याला वाढतं आणि पाळीत गळून पडतं. तेच अस्तर भिंतीच्या स्नायूत शिरलं की तिथेही महिन्याच्या महिन्याला सुजतं, पण बाहेर पडायला वाट नसते. भिंत जाड होते, गर्भाशय गोलसर फुगतं, रक्तस्राव वाढतो, पाळीच्या आधीपासून कळा सुरू होतात आणि पाळी संपली तरी ओटीपोट जड राहतं. फायब्रॉइडच्या गाठीला स्वतःची कड असते, ती सोलून वेगळी काढता येते. ॲडेनोमायोसिसला बहुतेकदा कडच नसते. मळलेल्या पिठात मिसळलेले तीळ जसे वेचून काढता येत नाहीत, तशी इथे सर्जनची गत होते. म्हणून शंभर वर्षं एकच उपाय होता, पूर्ण गर्भाशय काढणं. आणि निदानाचीही एकच वाट होती, काढलेलं गर्भाशय कापून पाहणं. निदान आणि उपचार यांचा क्रम असा उलटा लागलेले आजार वैद्यकात फार नाहीत.

हे सगळं युरोप-अमेरिकेत चाललं होतं तेव्हा मराठवाड्यातलं औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, निजामाच्या राज्यातला एक सुभा होतं. शहराला छावणी होती आणि १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद मीटरगेज सुरू झाल्यावर रेल्वेही आली. मोठं वैद्यक मात्र सुमारे ५०० किलोमीटरवर हैदराबादला होतं. तिथल्या मेडिकल स्कूलची सुरुवात १८४६ ची. त्याच हैदराबादेत १८८८ आणि १८८९ मध्ये दोन क्लोरोफॉर्म कमिशन बसली, निजामाच्या पैशाने. भुलीत रुग्ण दगावतो तो हृदय थांबल्याने की श्वास थांबल्याने, हा वाद कुत्र्या-माकडांवर प्रयोग करून मिटवायचा होता. रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांनी कौल दिला श्वासाच्या बाजूने. पुढे तो टिकला नाही. कमिशनच्या कामात तिथेच शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी होत्या. जगातल्या पहिल्या महिला भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते. हैदराबादच्या व्हिक्टोरिया झनाना हॉस्पिटलची पायाभरणी १९०६ ची, प्रिन्सेस ऑफ वेल्सच्या हस्ते. म्हणजे बायकांचं वेगळं रुग्णालय असावं इतकी जाणीव राजधानीत होती. वैजापूर-गंगापूरच्या शेतकरणीपर्यंत ती पोचायला गाडीभाडं लागत होतं, सोबतीला पुरुष लागत होता, आणि मुख्य म्हणजे पाळीचं दुखणं हे दुखणं आहे, असं घरात कुणाला तरी वाटायला लागत होतं.

घरात तसं वाटत नव्हतं. सुईण होती, वैदू होता, क्वचित वैद्य होता. चरकसंहितेत वीस योनिव्यापद सांगितल्या आहेत. त्यातली 'उदावर्ता' म्हणजे कष्टाने, वेदनेने येणारी आणि स्राव झाल्यावर हलकं वाटणारी पाळी. अतिस्रावाला 'असृग्दर' असं स्वतंत्र नाव आहे. वैद्यांना लक्षणं ठाऊक होती हे स्पष्ट आहे. अशोकाची साल, शतावरी, लोध्र ही औषधं आजही दिली जातात. पण लक्षण ओळखणं वेगळं आणि भिंतीत काय झालंय ते पाहणं वेगळं. ते पाहायची सोय कुणाकडेच नव्हती. विटाळाच्या दिवसांत कोपऱ्यात बसलेल्या बाईच्या रक्ताचा हिशेब तर कोण ठेवणार?

१७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटला. १९५६ मध्ये औरंगाबादला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, ते मराठवाड्यातलं पहिलं. पाणचक्कीच्या वाटेवरच्या या रुग्णालयाला लोक सरकारी नावाने ओळखत नाहीत. जालना, बीड, परभणी, बुलडाण्याहून येणारा माणूस रिक्षावाल्याला एकच शब्द सांगतो, 'घाटी'. अंबाजोगाईचं महाविद्यालय सत्तरच्या दशकातलं, नांदेडचं ऐंशीच्या. म्हणजे जवळजवळ वीस वर्षं एवढ्या मोठ्या मुलखाला घाटीचाच आधार होता.

वैद्यकीय महाविद्यालय आलं म्हणजे स्त्रीरोग विभाग आला, आणि त्याच्या जोडीला फारसं कुणाच्या डोळ्यावर न येणारा एक विभाग आला, पॅथॉलॉजी. या आजाराच्या गोष्टीत खरं महत्त्व त्याचं. काढलेलं गर्भाशय १० टक्के फॉर्मॅलिनच्या बरणीत येतं. बरणीवरच्या चिठ्ठीवर नाव, वय, वॉर्ड आणि सर्जनचा अंदाज लिहिलेला असतो. पुष्कळदा त्या जागी नुसतं 'डीयूबी', म्हणजे कारण न कळलेला रक्तस्राव. भिंत उभी कापली की ती जाड लागते, कापात आडव्यातिडव्या रेषा दिसतात, मधूनमधून रक्ताचे तपकिरी ठिपके. त्या जागेचा तुकडा मेणात बसवून, काप काढून, रंगवून काचपट्टीवर घेतला की अस्तराच्या ग्रंथी स्नायूच्या मधोमध बसलेल्या दिसतात. अस्तर आणि स्नायू यांच्या सीमेपासून त्या किती खोल आहेत यावर निदान ठरतं. अडीच मिलिमीटर हा एक प्रचलित निकष. ही सगळी खटपट होऊन अहवाल येतो तेव्हा बाई टाके काढून गावी गेलेली असते. तिच्या आजाराला नाव मिळतं, पण तिला ते कुणी सांगायचं?

या उलट्या क्रमाने वैद्यकाचीही एक मोठी फसगत केली. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत ॲडेनोमायोसिसची रुग्ण ठरलेली होती: चाळिशीतली, दोन-तीन बाळंतपणं झालेली. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांच्या हातातल्या शॉ आणि दत्ता यांच्या पुस्तकांनीही पिढ्यान् पिढ्या हेच शिकवलं. पण हे चित्र आलं कुठून? काढलेल्या गर्भाशयांतून. आणि गर्भाशय काढलं जात होतं चाळिशीतल्या, मुलं झालेल्या बायकांचंच. विशीतल्या पोरीचं गर्भाशय कुणी कापून पाहतच नव्हतं, मग तिथे आजार दिसणार कसा? ऐंशीच्या दशकात एमआरआय आणि योनिमार्गातून करायची सोनोग्राफी आली, आणि एकही मूल न झालेल्या तरुणींतही हा आजार दिसू लागला. 'पोरी, लग्न झालं की थांबेल', 'एक बाळंतपण झालं की मोकळी होशील' असं ज्यांना सांगितलं गेलं त्यांतल्या कितीजणी याच्या रुग्ण असतील, याची मोजदाद आता होणे नाही.

सोनोग्राफी येण्याआधी डॉक्टरांच्या हाती जे होतं ते म्हणजे क्युरेटिंग. जास्त रक्त जातंय, घ्या क्युरेटिंग करून. मराठवाड्यातल्या कुठल्याही पन्नाशीपुढच्या बाईला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. आतलं अस्तर खरवडून ते तपासायला पाठवायचं. कर्करोग शोधायला ही तपासणी कामाची; ॲडेनोमायोसिसला मात्र बिनकामाची, कारण खरवडणी भिंतीच्या पृष्ठभागावरच थांबते आणि आजार भिंतीच्या आत. अहवाल 'नॉर्मल' यायचा, बाईचं रक्त जायचं ते जायचंच, आणि सासरी 'हिचं काही नाही, नाटकं आहेत' हा निकाल कायम व्हायचा.

सोनोग्राफीने हे बदलायला हवं होतं. यंत्र मराठवाड्यात आलंही भराभर, अगदी तालुक्याच्या गावांपर्यंत. पण ते कशासाठी पळवलं गेलं हे २०११ च्या जनगणनेने सांगितलं: बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर १,००० मुलग्यांमागे ८०७ मुली. महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९८८ मध्येच, देशात सर्वात आधी कायदा केला होता, तरीही ही गत. गर्भाशयाच्या आत मुलगा आहे की मुलगी हे पाहायला ज्या पडद्यावर डोळे फोडले गेले, त्याच पडद्यावर गर्भाशयाची भिंत कशी आहे तेही दिसत होतं. ते पाहायची घाई कुणाला नव्हती. पाळीच्या तक्रारीसाठी केलेल्या सोनोग्राफीच्या कागदावर आजही पुष्कळदा 'बल्की युटेरस' एवढेच दोन शब्द असतात. मोठं गर्भाशय. का मोठं, याचा पत्ता नाही.

खेड्यातल्या बाईच्या या दुखण्यांकडे देशाचं लक्ष वेधलं ते मराठवाड्याबाहेरून, गडचिरोलीतून. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. तक्रार घेऊन आलेल्याच नव्हे, गावातल्या सरसकट. जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले: ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोगाचा आजार, एकेकीला सरासरी ३.६ आजार, आणि आधी कधी तपासणी वा उपचार झालेल्या जेमतेम ८ टक्के. सरकारी आरोग्यसेवेला तोवर खेड्यातली बाई दिसायची ती गरोदर असली तर किंवा कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेच्या उद्दिष्टात बसत असली तर. मधली सगळी वर्षं कोरी.

मराठवाड्यात ती कोरी जागा भरली खासगी दवाखान्यांनी, आणि इथे गोष्ट वेगळ्या वळणाला लागते.

बीड, जालना, परभणी, औरंगाबादच्या कोरडवाहू गावांतून दसरा-दिवाळीला माणसं ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, हिशेब जोडीचा. पहाटे फडात उतरायचं, तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवायच्या. राहायला कोपी, संडास नाही, पाणी लांब. एक दिवस चुकला की खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीवर चढतो. पाळीचे चार दिवस अशा कामात कसे जातात, त्यातून रक्त जास्त जात असेल तर काय होतं, हे सांगायची गरज नाही. याच पट्ट्यात मुलींची लग्नं लवकर होतात. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड आणि परभणीत अठराच्या आत लग्न झालेल्या तरुणींचं प्रमाण ४० टक्क्यांहून जास्त होतं. पंचविशीच्या आत दोन-तीन मुलं, नसबंदी, आणि मग पोटाची तक्रार घेऊन दवाखाना. 'मुलं झाली ना? मग पिशवी ठेवून काय करायची? उद्या कॅन्सर झाला म्हणजे?' एवढ्यावर निर्णय व्हायचा. कर्जाला कर्ज जोडून पैसे उभे राहायचे. ॲडेनोमायोसिसचा कर्करोगाशी असा सरळ संबंध नाही. तो सौम्य आजार आहे. पण भीतीला विकृतिशास्त्र कळत नाही.

२०१९ मध्ये हे वर्तमानपत्रांतून बाहेर आलं आणि राष्ट्रीय महिला आयोगापर्यंत गेलं. त्या वर्षी जूनमध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत आकडा सांगितला: बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशय-शस्त्रक्रिया. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसाठी ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली, म्हणजे साधारण सहांत एक. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांत देशाचं सरासरी प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास आहे.

आकडे भयंकर आहेत, पण त्यांत न दिसणारी गोष्ट जास्त विचार करायला लावणारी आहे. किती गर्भाशयं काढली हे त्यांतून कळतं. त्या गर्भाशयांत काय होतं, हे कळत नाही. कितींत फायब्रॉइड, कितींत ॲडेनोमायोसिस, कितींत नुसता जंतुसंसर्ग, जो गोळ्यांनी बरा झाला असता? रोकिटान्स्कीच्या काळात निदान शस्त्रक्रियेनंतर व्हायचं. इथे निदानाचा विषयच गळून पडला.

यात शस्त्रक्रियेला खलनायक ठरवणं सोपं आहे आणि चुकीचं आहे. पंचेचाळिशीची बाई, हिमोग्लोबिन सहावर, गर्भाशय चौदा आठवड्यांच्या गरोदरपणात असतं तेवढं, औषधं करून थकलेली. अशा बाईचं गर्भाशय काढणं हे उत्तम वैद्यक आहे, आणि शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदाच धडधाकट झालेल्या बायका गावोगाव भेटतात. आक्षेप आहे तो पंचविशी-तिशीतल्या पोटावर पहिल्याच भेटीत सुरी चालवण्याला, आणि त्यासोबत बीजकोशही काढून टाकण्याला. बीजकोश गेले की अकाली रजोनिवृत्ती येते, हाडं ठिसूळ होतात, अंगाची लाही होते. ज्या बाईला अजून वीस वर्षं मोळ्या उचलायच्या आहेत तिची हाडं अशी उधळून कशी चालतील?

मधल्या काळात औषधांचा इतिहास बराच पुढे गेला आहे. रक्तस्राव आटोक्यात ठेवणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड जपानच्या उताको आणि शोसुके ओकामोतो या संशोधक पती-पत्नींनी १९६२ मध्ये जगापुढे आणलं. बाळंतपणात रक्तस्रावाने मरणाऱ्या बायका वाचाव्यात ही उताकोंची धडपड होती. नॉरएथिस्टेरॉन तर मराठी घरांत जुन्या ओळखीचं. गौरी-गणपतीला किंवा लग्नकार्याला पाळी पुढे ढकलायची गोळी ती हीच. देवासाठी ही गोळी बिनतक्रार घेणाऱ्या घरात तीच गोळी आजारासाठी महिनोन्महिने घ्यायची म्हटली की 'हार्मोनची नको बाई' सुरू होतं. अलीकडे डायनोजेस्ट वापरात आहे. आणि सर्वांत उपयोगी ठरलेलं साधन म्हणजे लेव्होनॉरजेस्ट्रेल सोडणारी, गर्भाशयात बसवायची टी. फिनलंडमध्ये ती १९९० मध्ये बाजारात आली. दिसायला कॉपर-टीची बहीण, पण काम उलटं: कॉपर-टीने पाळी वाढू शकते, हिने कमी होते, अनेकींची थांबतेच. पाच वर्षं आणि त्याहून जास्त काळ ती चालते. कॉपर-टी सरकारी दवाखान्यात फुकट, ही मात्र बहुतेकींना विकत घ्यावी लागते. ऊसतोडीच्या बाईसाठी कारखान्याच्या हंगामाआधी ती बसवणं हे शस्त्रक्रियेहून कितीतरी स्वस्त आणि सुरक्षित आहे, हे मान्य करायला सरकारला इतका वेळ का लागावा?

निदानाचंही तसंच. एमआरआयमध्ये अस्तर आणि स्नायू यांच्यामधला पट्टा १२ मिलिमीटरहून जाड दिसला की ॲडेनोमायोसिसचा संशय बळावतो. पण दरवेळी एमआरआय लागत नाही. २०१५ मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने साध्या सोनोग्राफीत काय शोधायचं याची खूणगाठ बांधून दिली: पुढची-मागची भिंत असमान जाड आहे का, भिंतीत बारीक पाण्याच्या पोकळ्या आहेत का, पंख्यासारख्या सावल्या पडतात का. २०११ मध्ये स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक महासंघाने, फिगोने, अनियमित रक्तस्रावाच्या कारणांची नवी वर्गवारी केली, तीत ॲडेनोमायोसिसला स्वतंत्र जागा मिळाली. 'कारण माहीत नाही' या भल्यामोठ्या पेटीतून हा आजार त्या वर्षी अधिकृतपणे बाहेर आला. आज छत्रपती संभाजीनगरात योनिमार्गातून सोनोग्राफी करणारी केंद्रं गल्लोगल्ली आहेत, एमआरआय आहे, दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया रोज होतात. बीडहून तीन तासांत इथे पोचता येतं. तंत्र कमी पडतंय असं म्हणायला आता जागा नाही.

बीडमध्ये खासगी रुग्णालयांना जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीचं बंधन आलं. २०२२ मध्ये केंद्राने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. राजस्थान, बिहार, छत्तीसगडमधल्या अशाच प्रकारांवरून डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी केलेल्या याचिकेवर ५ एप्रिल २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने त्या सूचना तीन महिन्यांत लागू करा असं सर्व राज्यांना बजावलं. परवानगीच्या अर्जावर कारण लिहावं लागतं. पण अर्जातलं कारण आणि काढलेल्या गर्भाशयातलं कारण जुळतं का, हे सांगू शकणारी एकच चिठ्ठी आहे, पॅथॉलॉजीच्या अहवालाची.

तेव्हा घरात आई, बहीण, जाऊ, कुणाचंही गर्भाशय काढायचं ठरत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा की योनिमार्गातली सोनोग्राफी झाली का आणि भिंतीबद्दल त्यात काय लिहिलंय. औषधांनी किंवा हार्मोनच्या टीने काही महिने पाहता येईल का. बीजकोश ठेवणार का. आणि शस्त्रक्रिया झालीच, तर काढलेली पिशवी तपासायला पाठवली का, हे विचारून तो अहवाल हातात घेतल्याशिवाय फाईल बंद करू नका.